तिच्या नावावर काय आहे?

१. प्रचलित विचाराची उणीव

ग्रामीण भागातील गरीब स्त्रीच्या उद्योजकतेविषयी गेली तीन-साडेतीन दशके जो विचार सरकारी योजनांतून, बँकांच्या अहवालांतून आणि संस्थांच्या माहितीपत्रकांतून मांडला जातो, त्याचा सांगाडा अगदी साधा आहे. गरीब स्त्रीकडे भांडवल नाही, कौशल्य नाही आणि आत्मविश्वास नाही. तेव्हा तिला थोडे कर्ज, थोडे प्रशिक्षण आणि थोडे प्रोत्साहन दिले की ती उद्योजिका होईल, तिच्या हातात पैसा खेळू लागला की घरातले तिचे स्थान उंचावेल, आणि असे घरोघरी घडले की गावाचे दारिद्र्य ओसरेल. या विचारामागचा सद्भाव नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो विचार उथळ आहे, कारण तो सारी उणीव त्या बाईत शोधतो आणि ती ज्या मालकीच्या व्यवस्थेत, ज्या दिनक्रमात आणि ज्या बाजारात जगते त्यांना हात लावत नाही.

येथे मांडावयाचा सिद्धान्त असा आहे की उद्योजकता, म्हणजे स्वतःच्या निर्णयाने आणि स्वतःच्या जोखमीवर साधने एकत्र आणून नफ्यासाठी उत्पादन किंवा व्यापार करणे, ही तीन गोष्टींच्या पायावर उभी राहते: साधनांची मालकी, मोकळा वेळ आणि गावाबाहेर पोहोचणारा बाजार. कर्जाचा क्रम या तिन्हींनंतरचा. हा क्रम उलटा केला की उद्योग उभा राहत नाही; घराचे कर्ज तेवढे बाईच्या नावावर चढते, आणि घरकाम व शेतमजुरी या दोन पाळ्यांना तिसरी पाळी जोडली जाते.

हा सिद्धान्त तपासण्यासाठी दोन प्रदेश शेजारी ठेवून पाहणे उपयोगी आहे: एक महाराष्ट्रातील कोरडवाहू पट्टा आणि दुसरा जर्मनीतील बाड हॉम्बुर्गचा परिसर. दुसऱ्या प्रदेशाची निवड चमत्कारिक वाटेल, कारण आज तो श्रीमंतीसाठी ओळखला जातो. परंतु दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्याच डोंगरात कमालीचे दारिद्र्य होते. त्यामुळे काय बदलल्याने दारिद्र्य हटले आणि ते हटल्यानंतरही स्त्रीच्या बाबतीत काय बदलायचे राहून गेले, हे दोन्ही तेथे वेगवेगळे पाहता येते.

२. बाड हॉम्बुर्गच्या डोंगरामागे

फ्रँकफुर्टच्या उत्तरेस, टाउनुस डोंगराच्या पायथ्याशी बाड हॉम्बुर्ग वसलेले आहे. १८६६ पर्यंत ती हेसेन-हॉम्बुर्ग या चिमुकल्या संस्थानाची राजधानी होती. खनिज पाण्याच्या झऱ्यांमुळे आणि ब्लां बंधूंनी १८४१ मध्ये उघडलेल्या जुगारगृहामुळे युरोपभरचे अमीर-उमराव तेथे उतरत. मात्र त्याच काळात डोंगराच्या मागच्या अंगाला असलेली खेडी उपाशी होती. जमीन खडकाळ आणि हवा थंड, त्यातच त्या भागात वारसांमध्ये शेताची समान वाटणी करण्याची रीत असल्याने पिढीगणिक शेतांचे तुकडे होत गेले आणि कुटुंब पोसण्याइतकी जमीन फार थोड्यांकडे उरली. शेतीला जोड म्हणून लोक खिळे ठोकत, सूत कातत, जाळीकाम करत.

त्यातील एका जोडधंद्याची हकिकत या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. एस्पा आणि त्याच्या आसपासच्या गावांतील शेतकरी हिवाळ्यात मऊ लाकूड तासून, त्याच्या पातळ सालपट्या दांड्यालाच चिकटलेल्या ठेवून माश्या हाकलण्याचे कुंचे तयार करत आणि हिवाळा सरल्यावर ते विकत परमुलखात फिरत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या फिरत्या विक्रेत्यांच्या ध्यानात आले की तरुण मुलगी गाणे म्हणत, नाचत किंवा हर्डी-गर्डी हे चाक फिरवून वाजवायचे तंतुवाद्य वाजवत माल विकू लागली, तर गिऱ्हाईक लवकर जमते. मग आई-बापांशी ठरावीक रकमेचे करार होऊ लागले आणि या खेड्यांतल्या मुली इंग्लंडमध्ये, नंतर अमेरिकेत, थेट कॅलिफोर्नियातील सोन्याच्या खाणींजवळच्या नाचघरांपर्यंत नेल्या गेल्या. त्यांच्या मेहनतीची मुख्य कमाई त्यांना नेणाऱ्या माणसाच्या खिशात जाई, आणि अनेकींच्या वाट्याला शोषण व बदनामी आली.

आजच्या प्रशिक्षणवर्गांत जे गुण शिकवले जातात ते सगळे या मुलींकडे होते: विक्रीचे कसब होते, परक्या देशात परक्या भाषेत व्यवहार करण्याचे धाडस होते, गिऱ्हाइकाची पारख होती. नव्हती ती एकच गोष्ट: गल्ला त्यांचा नव्हता. करार त्यांच्या नावाने होत नव्हता, माल त्यांच्या मालकीचा नव्हता, आणि म्हणून सारी उद्योजकता त्यांनी करूनही उद्योजक मात्र दुसराच ठरला. कौशल्याचा आणि हिमतीचा अभाव हे दारिद्र्याचे कारण असते, तर एस्पाच्या मुली श्रीमंत होऊन परतल्या असत्या.

या डोंगराचे दारिद्र्य पुढे हटले ते कुंच्यांमुळे किंवा जाळीकामामुळे नव्हे. हॉम्बुर्ग १८६० मध्ये रेल्वेने फ्रँकफुर्टशी जोडले गेले, १८९५ मध्ये तीच वाट डोंगराच्या मागे उझिंगेनपर्यंत पोहोचली. कारखान्यांतील रोजगार आवाक्यात आला, शाळा आल्या, बरेच लोक देशांतर करून गेले. पगाराचे काम मिळू लागताच घरबसल्या चालणारे ते धंदे लोकांनी आपण होऊन सोडले. नाइलाजाने केलेला स्वयंरोजगार आणि आवडीने, हिशेबाने निवडलेला उद्योग यांतला फरक याहून स्पष्टपणे दाखवणारा पुरावा शोधावा लागणार नाही.

३. पहिला पाया: मालकी

३.१ कायद्याने बांधलेले हात

टाउनुसमधील समान वाटणीच्या रीतीत मुलींनाही शेताचा वाटा मिळे, ही गोष्ट आपल्याकडील वाचकाला पुढारलेली वाटेल. परंतु वाटा मिळणे वेगळे आणि त्यावर अधिकार चालणे वेगळे. जर्मन संघातील राज्यांसाठी १८६१ मध्ये तयार झालेल्या सामाईक व्यापारी संहितेत विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीशिवाय व्यापारी होता येत नसे. १९०० मध्ये अमलात आलेल्या नागरी संहितेने पत्नीने माहेरून आणलेल्या मालमत्तेचे व्यवस्थापन आणि उत्पन्न पतीच्या हाती दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर नवे संविधान लिहिले जात असताना हेसेमधीलच कासेल येथील वकील एलिझाबेट झेल्बर्ट यांनी, सुरुवातीला झालेला विरोध लोकांच्या दबावाच्या जोरावर मोडून काढत, स्त्री आणि पुरुष समान आहेत हे वाक्य १९४९ च्या संविधानात आणले. ते वाक्य कुटुंबाच्या कायद्यात उतरायला १९५८ साल उजाडले, आणि घरच्या जबाबदाऱ्यांना बाधा येत नसेल तरच पत्नीने नोकरी करावी ही अट जायला १९७७ साल लागले. म्हणजे रेल्वे आली, कारखाने आले, समृद्धी आली, पण मालकीचा प्रश्न समृद्धीने आपोआप सुटला नाही. तो वेगळा झगडून सोडवावा लागला. शेतीत तर तो आजही पुरता सुटलेला नाही: २०२० च्या शेती गणनेत जर्मनीतील शेतांच्या प्रमुखांमध्ये स्त्रियांचे प्रमाण अवघे अकरा टक्के होते.

३.२ सातबारा आणि हक्कसोड

भारतात २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार वहिवाटदार म्हणून नोंदलेल्यांमध्ये स्त्रिया सुमारे चौदा टक्के आहेत आणि त्यांच्याकडील क्षेत्र बारा टक्क्यांच्याही आत आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, म्हणजे केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीपूर्वी अकरा वर्षे, हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. गावात मात्र त्या कायद्याला वळसा घालणारा एक कागद रूढ झालेला आहे, त्याचे नाव हक्कसोडपत्र. वडील वारल्यावर वारसनोंद लागते, बहिणींची नावे सातबाऱ्यावर चढतात, आणि पुढच्या महिना-दोन महिन्यांत भाऊ त्यांना तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे घेऊन जातो. माहेर तुटू नये, सणावाराला दार उघडे राहावे, एवढ्यासाठी बहीण मोबदल्याशिवाय सही करते. सासरी जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते. अशा रीतीने दोन्हीकडे जमीन असलेल्या घरांत राबणारी बाई दोन्हीकडे भूमिहीन राहते.

हा प्रश्न मराठी मुलखाला नवा नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरवले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ‘लक्ष्मीमुक्ती’ या नावाने जो कार्यक्रम उभा केला, त्यात शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही हिस्सा स्वखुशीने पत्नीच्या नावे करावा असे आवाहन होते. अनेक गावांनी ते केले. घरच्या लक्ष्मीचे ऋण मान्य केल्याशिवाय शेतमालाच्या रास्त भावाची मागणी नैतिकदृष्ट्या लंगडी राहते, ही त्यामागची जाणीव आजच्या बहुतेक महिला उद्योजकता कार्यक्रमांपेक्षा कितीतरी खोल होती, आणि ती विसरली गेली याचे दुःख वाटले पाहिजे.

३.३ पतपुरवठ्याची दोन दारे

मालकी नसल्याचा परिणाम कर्जाच्या बाबतीत सर्वांत उघडपणे दिसतो. टाउनुसला लागूनच असलेल्या वेस्टरवाल्ड डोंगरात फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझेन यांनी गरीब शेतकऱ्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी गावपातळीवरील पतसंस्थांची कल्पना आकाराला आणली; १८६४ मध्ये त्यांनी हेडेसडोर्फ येथे काढलेली संस्था या चळवळीचा महत्त्वाचा टप्पा मानली जाते. मद्रास इलाख्यातील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रयोगांचा अभ्यास करून भारतासाठी शिफारस केली, १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा झाला, आणि त्याच परंपरेतून महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांत विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था, म्हणजे लोकांच्या बोलीतील ‘विकास सोसायटी’, उभी राहिली.

या सोसायटीचे पीककर्ज सातबारा पाहून मिळते. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई तेथे कर्जदार होत नाही. तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्या शेतकऱ्याला महाराष्ट्रात व्याज सवलतींमुळे ते जवळजवळ बिनव्याजी पडते. त्याच घरातील बाई बचत गटातून अंतर्गत कर्ज घेते तेव्हा शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, हा बऱ्याच गटांत रूढ असलेला दर आहे, आणि खासगी सूक्ष्मवित्त कंपनीकडे गेली तर वीस टक्क्यांच्या पुढचे व्याज व आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा हप्ता तिच्या वाट्याला येतो. बँकेशी जोडलेल्या गटांना सवलतीचे कर्ज मिळू लागले आहे हे खरे. तरीही एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोन माणसांसाठी पतपुरवठ्याची दोन वेगळी दारे आहेत, आणि त्यांतले अरुंद व महाग दार बाईसाठी राखून ठेवलेले आहे. तिच्या उद्योजकतेचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी या भेदाचे उत्तर दिले पाहिजे.

४. दुसरा पाया: वेळ

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदल्याच्या घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर त्यात भाग घेणारे पुरुष ८८ मिनिटे. शिवाय घरकामात भाग घेणाऱ्या पुरुषांची संख्याच कमी. पावणेपाच तासांचे हे घरकाम बाईच्या दिवसाला सलग राहू देत नाही, आणि उद्योगाचे स्वरूप ठरते ते येथे.

महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यातील माण, आटपाडी, जत अशा तालुक्यांतील बाईने दिवसाचे गणित मांडले तर ते साधारण असे येते: पहाटे उठून पाणी आणि चूल, मग मुलांची शाळा, जनावरांचे शेण-वैरण, नऊच्या सुमारास दुसऱ्याच्या रानात खुरपणीला, दुपारनंतर परत येताना डोक्यावर गवताचा भारा, संध्याकाळी दूध आणि पुन्हा चूल. या दिवसाच्या फटींत जे बसेल तेच तिच्या धंद्याचे नाव असते. म्हणून शेळ्या, म्हणून शिलाई यंत्र, म्हणून पापड, कुरडया, शेवया आणि मसाला. मध्येच उठून जाता येते, मूल मांडीवर घेऊन करता येते, घर सोडावे लागत नाही. बाजारात कशाला मागणी आहे हा विचार त्यात दुय्यम ठरतो. गावोगावचे गट तोच माल करतात, तालुक्याच्या प्रदर्शनात तोच माल शेजारी-शेजारी मांडला जातो, आणि मग असे निदान केले जाते की महिलांना नवकल्पना सुचत नाहीत. त्यांना कल्पना सुचतात. ती कल्पना अमलात आणण्यासाठी लागणारे सलग चार तास त्यांच्याकडे नसतात.

यावरून एक निष्कर्ष सरळ निघतो. नळाला रोज येणारे पाणी, दिवसभर चालणारे पाळणाघर, इंधनाची हमी आणि गावातून वेळेवर सुटणारी एसटी या ‘सुविधा’ नव्हेत, ती उद्योजकतेची धोरणे आहेत. जर्मनीत तीन वर्षांवरील प्रत्येक मुलाला बालवाडीतील जागेचा कायदेशीर हक्क १९९६ पासून आहे आणि २०१३ पासून तो एक वर्षावरील मुलांनाही मिळाला. बाड हॉम्बुर्गमधील आई आज जी कामे करू शकते त्यांत या हक्काचा वाटा कोणत्याही उद्योजकता शिबिरापेक्षा मोठा आहे. आपल्याकडील अंगणवाडी सकाळचे काही तास चालते, आणि त्यानंतर धाकटे भावंड सांभाळण्यासाठी मोठ्या मुलीची शाळा बुडते. अशाने एका बाईचा वेळ दुसऱ्या, लहान बाईच्या आयुष्यातून काढला जातो.

५. तिसरा पाया: बाजार

गरीब गावातील गिऱ्हाईकही गरीब असते. त्याच गावात पाचवे किराणा दुकान किंवा सातवे शिलाई यंत्र आले तर नवी मागणी निर्माण होत नाही, असलेल्या मागणीचे आणखी तुकडे होतात. टाउनुसमध्ये शेताचे जे झाले तेच येथे गिऱ्हाइकीचे होते. २०१३ मध्ये झालेल्या सहाव्या आर्थिक गणनेनुसार देशातील सुमारे चौदा टक्के आस्थापना स्त्रियांच्या मालकीच्या होत्या आणि त्यांपैकी सुमारे ८३ टक्क्यांमध्ये एकही पगारी माणूस नव्हता. एकट्या माणसाच्या श्रमावर चालणाऱ्या या धंद्याला उद्योग म्हटल्याने त्याची वाढ होत नाही.

गावाबाहेरच्या बाजारापर्यंत पोहोचणे एकटीच्या आवाक्यातले नसते, कारण तेथे मालाचा दर्जा एकसारखा लागतो, वजन भरवशाचे लागते, वाहतूक परवडेल एवढा माल एका वेळी लागतो आणि उधारी सोसण्याची ताकद लागते. हे ज्यांनी ओळखले ते यशस्वी झाले. एलिझाबेट बोम या जमीनदार कुटुंबातील स्त्रीने १८९८ मध्ये पूर्व प्रशियातील रास्टेनबुर्ग येथे ग्रामीण गृहिणींची पहिली संघटना काढली. त्या संघटनांनी शहरांत स्वतःची विक्रीकेंद्रे उघडली आणि शेतावरच्या बायकांची अंडी, लोणी, भाजी-फळे निवडून, प्रतवारी लावून तेथे विकली. मुंबईत गिरगावात १९५९ मध्ये सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाचे मर्मही हेच आहे. पापड लाटणे कोणालाही येते. पण कच्च्या मालाची एकत्र खरेदी, तयार केलेल्या पिठाचे वाटप, पापडाच्या आकार-जाडीची तपासणी, एकच छाप, आणि लाटणारी प्रत्येक बहीण ही सभासद व मालक, ही रचना कोणा एकटीला साधली नसती. लिज्जत शहरात वाढले, त्याला शहराची बाजारपेठ दाराशी मिळाली, ही बाब लक्षात घेऊनही त्यातला धडा खेड्यांना लागू पडतो.

महिला आर्थिक विकास महामंडळाने (स्थापना १९७५) गटांच्या वर उभी केलेली लोकसंचालित साधन केंद्रे किंवा राज्याच्या ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील ग्रामसंघ व प्रभागसंघ यांच्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. जेथे या संस्था सामूहिक खरेदी, साठवण आणि विक्री करतात तेथे त्यांचा उपयोग आहे. जेथे त्या फक्त हप्ते गोळा करतात आणि अहवाल भरतात तेथे त्या बँकेची बिनपगारी वसुली शाखा होऊन बसतात.

६. कर्जाची खरी जागा

बचत गट आणि बँक यांना जोडण्याचा पथदर्शी प्रयोग नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे गटांच्या उद्दिष्टाने सुरू केला. त्या काळात नाबार्डला सल्ला व साहाय्य देणाऱ्यांमध्ये जर्मन तांत्रिक सहकार्य संस्था होती, आणि तिचे मुख्यालय बाड हॉम्बुर्गपासून जवळच, एशबोर्न येथे होते. टाउनुसच्या पायथ्यावरून महाराष्ट्रापर्यंत आलेला सल्ला पतपुरवठ्याचा होता. त्याच डोंगराच्या इतिहासातून निघणारा मालकीचा, वेळेचा आणि रोजगाराचा धडा त्यासोबत आला नाही.

केवळ कर्जाने काय होते याचा पुरावा आता पुरेसा जमा झालेला आहे. अ‍ॅन मारी गेट्झ आणि रीना सेनगुप्ता यांच्या १९९६ मधील बांगलादेशविषयक अभ्यासात, स्त्रियांच्या नावे दिलेल्या कर्जांपैकी ज्यांवर त्यांचा पूर्ण किंवा बऱ्यापैकी ताबा होता अशी कर्जे अवघी ३७ टक्के आढळली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हैदराबादेत केलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सूक्ष्मकर्जामुळे आधीपासून चालू असलेल्या काही धंद्यांचा विस्तार झाला, पण घरखर्चात किंवा स्त्रीच्या निर्णयाधिकारात लक्षणीय फरक पडलेला दिसला नाही. याहून मोलाचा निष्कर्ष २०१९ मध्ये भारत, श्रीलंका आणि घाना येथील माहितीवरून निघाला. बायकांच्या धंद्यात घातलेल्या भांडवलाला परतावा येत नाही असे आधी वाटले होते. बारकाईने पाहता दिसले की घरात पुरुषाचा धंदा असेल तेथे ते भांडवल तिकडे वळते, आणि जेथे घरातील एकमेव धंदा बाईचा आहे तेथे परतावा पुरुषांइतकाच येतो. बाईची धंद्याची अक्कल कमी नाही, तिच्या पैशावरचा तिचा ताबा कमी आहे, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही.

गावात हे सर्वांना माहीत असते. कर्जाच्या अर्जावर ‘शेळीपालन’ लिहिलेले असते, आणि रक्कम विहिरीच्या मोटारीला, मुलाच्या दुचाकीच्या पहिल्या भरण्याला किंवा दवाखान्याला जाते. हप्त्याच्या दिवशी गटाच्या बैठकीत मान खाली घालून बसायची वेळ मात्र जिच्या नावावर कर्ज आहे तिच्यावर येते.

याचा अर्थ कर्ज निरुपयोगी आहे असा नव्हे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये उभी राहिलेली माणदेशी महिला सहकारी बँक याची साक्ष देते. प्रवर्तक सभासदांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नाही म्हणून पहिला अर्ज नाकारला गेला, तेव्हा तोंडी हिशेब करून दाखवण्याची तयारी ठेवून त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेपुढे उभ्या राहिल्या आणि परवाना मिळवला. त्या बँकेचे बळ कर्जाच्या रकमेत नाही. बँक बायकांच्या मालकीची आहे, बचत आधी आणि कर्ज नंतर आहे, आणि वेळ नसलेल्या बाईच्या दाराशी बँक स्वतः जाते. वर सांगितलेले पाये तेथे काही अंशी तरी आधी भरले गेले आहेत.

७. काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की बचत गटांनी बायकांना घराबाहेर काढले, सावकाराचे दार बंद केले, त्यांना सभेत बोलायला लावले. या साऱ्याला कमी लेखणे अन्यायाचे आहे. हा आक्षेप रास्त आहे आणि त्यातला आशय पूर्णपणे मान्य करावा लागतो. मतदानात ‘आडवी बाटली’ करून गावातले दारूचे दुकान बंद पाडणाऱ्या बायका बहुधा गटाच्या बैठकीतूनच एकत्र आलेल्या असतात. परंतु हे यश संघटनेचे आहे, उद्योगाचे नाही. आणि संघटनेच्या यशाचा दाखला देऊन उद्योगाचे अपयश झाकले, की संघटनेलाच वसुलीच्या कामाला जुंपले जाते आणि तिची धार बोथट होते.

दुसरा आक्षेप जमिनीच्या तुकड्यांचा. मुलींनी आणि सुनांनी वाटा मागितला तर शेती परवडणार नाही, असे सांगितले जाते, आणि टाउनुसचा इतिहास तुकडेकरणाचा धोका खरा असल्याचे दाखवतो. मात्र पत्नीचे नाव पतीच्या नावाशेजारी सहधारक म्हणून लावल्याने एक गुंठाही वेगळा होत नाही. महाराष्ट्र शासनाने लक्ष्मीमुक्तीच्याच नावाने १९९२ मध्ये अशा नोंदीची वाट मोकळी करून दिलेली आहे. शिवाय चार भावांत वाटणी होताना तुकड्यांची चिंता कोणी बोलून दाखवत नाही, ती बहिणीचे नाव निघाले की आठवते, हेही ध्यानात घ्यावे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नाव लागले तरी निर्णय पुरुषच घेईल, मग कागदाचा काय उपयोग? टाउनुसमधील मुलींचा वाटा आणि त्यानंतरचा जर्मन इतिहास सांगतो की नुसते नाव पुरत नाही, त्यावरचा व्यवहाराधिकारही लागतो. परंतु नावाशिवाय तो अधिकार मागण्याचे ठिकाणच उरत नाही. जमीन विकताना तिची सही लागते, सोसायटीत ती सभासद होऊ शकते, नवरा वारला तर दिराच्या दारात उभे राहावे लागत नाही. कागद एवढे करतो, आणि एवढे थोडे नाही.

चौथा आक्षेप असा की सर्वांना पगारी काम देणे शक्य नाही, तेव्हा स्वयंरोजगार हाच मार्ग उरतो. येथे महाराष्ट्राने स्वतःचाच अनुभव आठवावा. १९७२ च्या दुष्काळातून राज्यभर आकाराला आलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने हक्क म्हणून मान्य झालेल्या रोजगार हमी योजनेने लक्षावधी बायकांना मागेल तेव्हा काम आणि स्वतःच्या हातात मजुरी दिली. मजुरीचा असा आधार असला की बाई तोट्याचा धंदा सोडून देऊ शकते. ज्या बाईला धंदा सोडण्याची मुभा नाही तिने तो निवडला आहे असे म्हणता येत नाही.

८. मोजमाप बदलण्याची मागणी

सरकारने ‘लखपती दीदी’ हे उद्दिष्ट आधी दोन कोटी आणि नंतर तीन कोटी स्त्रियांसाठी जाहीर केले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये जळगाव येथे त्याचा मोठा सोहळा झाला. या योजनेच्या व्याख्येत वर्षाला एक लाखाचे जे उत्पन्न धरले आहे, ते त्या स्त्रीच्या कुटुंबाचे आहे. घरात नवऱ्याचे, मुलाचे, सासऱ्याचे उत्पन्न मिळून लाख भरले, तर तीही लखपती. तिच्या खात्यात किती, तिच्या नावावर काय, हे या मोजमापात येत नाही. आणि जे मोजले जात नाही त्यासाठी कोणताही अधिकारी धावपळ करत नाही.

म्हणून मागणी तीन गोष्टींची केली पाहिजे. महिला उद्योजकतेच्या प्रत्येक योजनेत स्त्रीचे स्वतःचे उत्पन्न आणि तिच्या नावावरील मालमत्ता कुटुंबापासून वेगळी नोंदवली जावी. पती सभासद असलेल्या प्रत्येक विकास सोसायटीत पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावून तिला सभासदत्व द्यावे, म्हणजे स्वस्त कर्जाचे रुंद दार तिलाही उघडेल. आणि गटाला उद्योगासाठी कर्ज मंजूर करण्यापूर्वी त्या गावात पाणी, दिवसभराचे पाळणाघर आणि मालाच्या विक्रीची व्यवस्था आहे की नाही याची तपासणी बंधनकारक करावी. यांतल्या पहिल्या दोन गोष्टींना नव्या निधीची गरज नाही. गावोगावच्या बचत गटांनी पुढच्या मासिक बैठकीत कर्जाचे अर्ज भरण्याआधी प्रत्येक सभासदाच्या घरचा सातबारा वाचून पाहावा, आणि ज्या उताऱ्यावर तिचे नाव नसेल त्यासाठी तलाठ्याकडे अर्ज करावा.